मोरचुदातलं पाचवं पाणी

द्राक्षबागेत बोर्डो हे बुरशीनाशक मारायचं असलं की तासगाव-मिरजेकडचा बागायतदार आधी मोरचूद आणि कळीचा चुना आणून ठेवतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. कृषी सेवा केंद्रात पोत्याने मिळणाऱ्या या निळ्या खड्याला विज्ञानाच्या इतिहासात केवढा मान आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. क्ष-किरणांच्या मदतीने माणसाने ज्या स्फटिकाच्या आत पहिल्यांदा डोकावून पाहिलं, तो स्फटिक मोरचुदाचा होता.

साल १९१२, गाव जर्मनीतलं म्युनिक. कल्पना माक्स फॉन लाउए यांची आणि प्रयोग वाल्टर फ्रीडरिश व पॉल क्निपिंग यांचा. मोरचुदाच्या खड्यातून क्ष-किरणांची बारीक शलाका सोडली आणि पलीकडे फोटोची काच ठेवली. काचेवर मधल्या मोठ्या डागाभोवती लहान लहान डाग उमटले. तोवर क्ष-किरण हे तरंग आहेत की कण, यावर वाद चालू होता. स्फटिकात अणू रांगेने बसलेले असावेत, हाही अंदाजच होता. त्या डागांनी दोन्ही प्रश्नांचा निकाल लावला. क्ष-किरण हे तरंगच होते आणि स्फटिकातले अणू खरोखरच ठरावीक अंतरावर, शिस्तीत बसलेले होते. लाउए यांना १९१४ चं नोबेल मिळालं.

सांगली, सातारा, कराड, इस्लामपूर इथल्या कॉलेजांच्या रसायनशास्त्र विभागात एमएस्सी आणि पीएचडीची मुलं-मुली ‘मेटल कॉम्प्लेक्स’ आणि ‘क्रिस्टल स्ट्रक्चर’ यांवर काम करतात. घरचे विचारतात, ‘नक्की काय करता रे तिथं?’ आणि उत्तर देता देता मुलं अडखळतात. त्यांच्या कामाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र साधा आहे: धातूच्या एका अणूला कोणी धरून ठेवलंय, किती जणांनी आणि कुठल्या कुठल्या बाजूंनी? रंग, विषारीपणा, औषधीपणा, पाण्यात विरघळणं, मातीत टिकणं, यातलं बरंचसं या एका उत्तरावर ठरतं.

पाण्यात मोरचूद टाकला की तांब्याचा आयन मोकळा होतो असं आपण शाळेत शिकतो. तो तसा उघडा कधीच नसतो. त्याच्यावर धन प्रभार असतो आणि बाहेरच्या कक्षांमध्ये जागा रिकामी असते. पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनच्या अशा दोन जोड्या असतात ज्या कुठल्याच बंधात अडकलेल्या नसतात. त्यातली एक जोडी तो तांब्याकडे पुढे करतो आणि तांब्याला चिकटतो. असे रेणू चहूबाजूंनी येऊन बसतात. अशा इलेक्ट्रॉन देणाऱ्या रेणूला किंवा आयनाला लिगँड म्हणतात. धातू आणि त्याच्याभोवतीचे लिगँड मिळून जे बनतं ते कॉम्प्लेक्स. आपल्या रक्तातलं लोह असंच चार नायट्रोजनांनी चहूकडून धरलेलं असतं. पानाच्या हिरव्या रंगात मॅग्नेशियम आणि बी-१२ जीवनसत्त्वात कोबाल्ट तसेच बसलेले असतात.

लिगँड बदलला की काय होतं ते परीक्षानळीत मिनिटभरात पाहता येतं. मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात अमोनियाचे थेंब टाकत जा. आधी निळसर गाळ बसतो. अजून अमोनिया टाकला की तो गाळ विरघळतो आणि नळी गर्द निळ्या-जांभळ्या रंगाने भरून जाते. तांबं तेच आहे, त्याचं प्रमाणही तेच. बदललाय तो फक्त शेजार. पाण्याच्या चार रेणूंची जागा अमोनियाच्या चार रेणूंनी घेतली. अमोनियाची पकड पाण्यापेक्षा घट्ट, त्यामुळे तांब्याच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांमधलं अंतर वाढतं, प्रकाशातला वेगळा भाग शोषला जातो आणि डोळ्याला वेगळा रंग दिसतो. दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाने हा प्रयोग स्वतःच्या हाताने करायला हवा असं मला मनापासून वाटतं. कॉम्प्लेक्सवरचं पानभर वाचून जे कळत नाही ते त्या नळीकडे पाहिलं की कळतं.

हे सगळं पहिल्यांदा नीट मांडलं ते आल्फ्रेड वेर्नर यांनी, १८९३ मध्ये. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्या काळी कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांच्यापासून बनणाऱ्या रंगीत संयुगांनी रसायनशास्त्रज्ञांना हैराण केलं होतं. या सगळ्यांत एका कोबाल्टमागे तीन क्लोरीन, पण अमोनिया कुठे सहा, कुठे पाच, कुठे चार. सहावालं पिवळं, पाचवालं जांभळट, चारवालं हिरवं. त्यांच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातलं की मोकळा क्लोराइड पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसतो. पिवळ्यातले तिन्ही क्लोरीन खाली बसायचे, जांभळ्यातले दोन, हिरव्यातला एकच. उरलेले कुठे दडून बसतात?

वेर्नर म्हणाले, कोबाल्टभोवती सहा जागा आहेत आणि त्या सहाही नेहमी भरलेल्या असतात. अमोनिया कमी पडला की मोकळी जागा क्लोरीन घेतो. जो क्लोरीन त्या जागेवर बसला तो धातूला थेट चिकटला, तो सिल्व्हर नायट्रेटला सापडत नाही. बाहेर उभे असलेलेच गाळात येतात. याच्यापुढे जाऊन त्यांनी असंही सांगितलं की या सहा जागा वर, खाली आणि चार बाजूंना, अशा अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर असतात. तसं असेल तर चार अमोनिया आणि दोन क्लोरीनवाल्या संयुगाचे दोनच प्रकार निघायला हवेत: दोन क्लोरीन शेजारी शेजारी असलेला एक आणि समोरासमोर असलेला दुसरा. हिरवा प्रकार हाताशी होताच, त्याच सूत्राचा जांभळा प्रकार त्यांनी १९०७ मध्ये मिळवला. कोपनहेगनचे योर्गेनसन यांनी वेर्नर यांना वर्षानुवर्षं विरोध केला, पण आधाराला बरीचशी संयुगं योर्गेनसन यांनीच कष्टाने बनवलेली होती. वेर्नर यांना १९१३ चं नोबेल मिळालं. एकही अणू न पाहता, गाळ, रंग आणि प्रकारांची मोजदाद यांवरून त्यांनी धातूभोवतीची भूमिती सांगितली. माझ्या मते रसायनशास्त्रातल्या सगळ्यांत देखण्या तर्कांपैकी हा एक आहे.

शेजारी की समोरासमोर, याने खरंच एवढा फरक पडतो का? कॅन्सरवरच्या सिसप्लॅटिनकडे पाहा. मधे प्लॅटिनम, भोवती चौरसाच्या चार कोपऱ्यांवर दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन. हा पदार्थ १८४४ पासून माहीत होता. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं आणि ते नुसतेच लांबच लांब वाढू लागले. कारण वीज नव्हतं. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून झिरपलेलं प्लॅटिनम तिथल्या अमोनिया आणि क्लोराइडशी जुळून कॉम्प्लेक्स बनत होतं. १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला औषध म्हणून परवानगी मिळाली. यात दोन्ही क्लोरीन शेजारी असतात. पेशीत गेल्यावर ते सुटतात आणि त्या दोन शेजारच्या जागांनी प्लॅटिनम डीएनएला पकडतं. दोन्ही क्लोरीन समोरासमोर असलेल्या प्रकाराचं सूत्र अगदी तेच, वजन तेच, पण औषध म्हणून त्याचा उपयोग होत नाही.

म्हणूनच नुसतं सूत्र पुरत नाही. मोरचुदाच्या सूत्रात पाण्याचे पाच रेणू लिहितात. कुणालाही वाटेल, पाचही तांब्याला चिकटलेले असतील. १९३४ मध्ये बीव्हर्स आणि लिप्सन यांनी क्ष-किरणांनी मोरचुदाची पूर्ण रचना उलगडली तेव्हा वेगळंच दिसलं. पाण्याचे चारच रेणू तांब्याभोवती चौकोनात बसलेत. वरची आणि खालची जागा सल्फेटच्या ऑक्सिजनने घेतलीय. पाचव्या पाण्याचा तांब्याशी थेट संबंधच नाही. ते सल्फेट आणि बाकीच्या पाण्यांच्या मधे हायड्रोजन बंधांनी अडकून राहिलंय. सूत्राकडे कितीही वेळ टक लावून बसलं तरी हे कळलं नसतं.

या चित्रात आणखी एक बारकावा आहे. तांब्याभोवतीच्या सहा जागा सारख्या नाहीत. चौकोनातल्या पाण्याचे ऑक्सिजन साधारण २ एँगस्ट्रॉमवर आहेत, तर वर-खालचे सल्फेटचे ऑक्सिजन जवळपास २.४ वर. एक एँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्याशा फरकाचं काय, असं वाटेल, पण बंधाच्या हिशेबात हा फरक मोठा आहे. तांब्याच्या बाहेरच्या नऊ इलेक्ट्रॉनांची मांडणी अशी आहे की सहाही बाजू सारख्या ठेवण्यापेक्षा दोन समोरासमोरच्या बाजू लांबवणं ऊर्जेच्या दृष्टीने परवडतं. द्विसंयुजी तांब्याच्या कॉम्प्लेक्समध्ये हा लांबटपणा वारंवार दिसतो आणि प्रबंधांत ‘यान-टेलर परिणाम’ या नावाने येतो.

आता प्रश्न असा की दोन एँगस्ट्रॉमचं अंतर मोजतात कसं? साध्या सूक्ष्मदर्शकाने हे शक्य नाही. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४००० ते ७००० एँगस्ट्रॉम असते, म्हणजे अणूंमधल्या अंतराच्या हजारो पट. क्ष-किरणांची तरंगलांबी योग्य मापाची असते. तांब्याच्या नळीतून निघणाऱ्यांची १.५४ आणि मॉलिब्डेनमच्या नळीतून निघणाऱ्यांची ०.७१ एँगस्ट्रॉम. पण क्ष-किरणांना एकत्र आणून चित्र दाखवील असं साधं भिंग नाही. त्यामुळे वाट वाकडी करावी लागते.

मिरजेहून तासगावकडे एसटीने जाताना खिडकीतून द्राक्षबागेचे खांब पाहा. एका क्षणी खांबांची सरळ ओळ डोळ्यासमोर उघडते आणि मधली गल्ली शेवटपर्यंत दिसते. गाडी थोडी पुढे गेली की ती मिटते आणि तिरकी दुसरी ओळ उघडते. खांब तेच, पण ते एकाच वेळी कितीतरी दिशांनी ओळीत असतात, आणि प्रत्येक दिशेतल्या ओळींमधलं अंतर वेगळं असतं. स्फटिकातल्या अणूंचे थरही असेच असतात. शेजारशेजारच्या थरांवरून परतणारे क्ष-किरणांचे तरंग ठरावीक कोनातच एकमेकांत मिळतात आणि तिथे ठळक डाग पडतो, बाकी कोनांत ते एकमेकांना मारून टाकतात. कोन मोजला की थरांमधलं अंतर गणिताने निघतं. हा नियम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये मांडला. वडील विल्यम ब्रॅग यांच्याबरोबर त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

डाग कुठे पडले यावरून थरांची अंतरं कळतात आणि डाग किती ठळक आहेत यावरून कुठल्या जागी कुठला अणू आहे ते. यात एक खोच आहे. यंत्र तरंगाची तीव्रता मोजतं, पण तो तरंग चढावर होता की उतारावर, म्हणजे त्याची कला, ती माहिती हरवते. या अडचणीतून गणिताने वाट काढल्याबद्दल हर्बर्ट हाउप्टमन आणि जेरोम कार्ले यांना १९८५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज हे काम संगणक काही मिनिटांत करतो. डोरोथी हॉजकिन यांनी बी-१२ ची रचना १९५६ मध्ये काढली तेव्हा त्यामागे कित्येक वर्षांची आकडेमोड होती.

सगळ्यांत जास्त जीव खाणारी पायरी मात्र यंत्राआधीची: खडा मिळवणं. समजा एका विद्यार्थिनीने सॅलिसिलाल्डिहाइड आणि एक अमाइन इथेनॉलमध्ये रिफ्लक्स करून, म्हणजे वाफ थंड करून परत आत पाडत उकळून, पिवळा लिगँड बनवला. त्याला शिफ बेस म्हणतात आणि आपल्याकडच्या कॉलेजांत त्यावर भरपूर काम चालतं, कारण कच्चा माल सहज मिळतो आणि प्रक्रिया सोपी आहे. त्यात कॉपर ॲसिटेट घातलं की रंग हिरवट होतो आणि कॉम्प्लेक्स गाळात बसतं. गाळलं, धुतलं, वाळवलं, पूड तयार. पुडीतले कण मात्र वाटेल त्या दिशेला तोंड करून पडलेले असतात. अणूंचं पूर्ण चित्र खात्रीने हवं असेल तर एकसंध असा एकच खडा लागतो, बाजूला साधारण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा.

मग ती पूड पुन्हा विरघळवायची, द्रावण गाळून लहान बीकरमध्ये घ्यायचं, वर फॉइल लावून त्याला सुईने दोन-चार भोकं पाडायची आणि जिथे कुणाचा धक्का लागणार नाही अशा कपाटात ठेवून द्यायचं. द्रावक हळूहळू उडाला तर रेणूंना जागेवर बसायला वेळ मिळतो. घाई झाली की पुन्हा पूड. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा इथेनॉल, क्लोरोफॉर्म हां हां म्हणता उडतात. थंडीतलं काम निवांत. बीकर हलवून ‘आलं का काही’ असं रोज पाहण्याचा मोह आवरणं हेही या कामातलं एक कौशल्यच आहे. खडे दिसले की ते ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून पाहतात. चांगला खडा फिरवताना सगळा एकदम काळा पडतो आणि सगळा एकदम उजळतो. अर्धा काळा, अर्धा उजळ राहिला तर तो जोडखडा, तो बाजूला टाकायचा. निवडलेला खडा तेलाच्या थेंबात धरून बारीक फासावर उचलतात आणि शक्यतो शून्याखाली पावणेदोनशे अंशांच्या जवळ थंड केलेल्या नायट्रोजनच्या झोतात ठेवतात, म्हणजे अणूंची थरथर कमी होते.

शेवटी हाती येते ती एक फाइल: प्रत्येक अणूचं स्थान, बंधांची लांबी, कोन. केंब्रिजमध्ये ऑल्गा केनर्ड यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये अशा रचनांचा संग्रह सुरू झाला. २०१९ मध्ये त्यात दहा लाखावी रचना जमा झाली. कऱ्हाडच्या प्रयोगशाळेतला खडा चांगला निघाला तर त्याचीही नोंद त्याच संग्रहात, त्याच दर्जाची होते. गावावरून त्यात भेद नसतो, आणि मला या शास्त्राची ही बाजू फार आवडते.

खडा मिळालाच नाही तर? इन्फ्रारेड, रंगाचा वर्णपट, चुंबकीय गुण, मूलद्रव्यांचं प्रमाण यांवरून रचनेचा अंदाज बांधतात आणि प्रबंधात ‘संभाव्य रचना’ म्हणून आकृती काढतात. यात गैर काही नाही, वेर्नर यांनी तरी दुसरं काय केलं? पण ‘संभाव्य’ हा शब्द पुढच्या प्रकरणात गळून पडतो तेव्हा वाईट वाटतं. आणि काचेच्या बशीत जिवाणूंची वाढ थोडी थांबली की लगेच ‘औषधी उपयोग’ लिहून टाकणं त्याहून वाईट. उत्तम खड्यावरून काढलेली रचनासुद्धा घन अवस्थेतली असते. पाण्यात, रक्तात, मातीत गेल्यावर लिगँड जागेवर राहतो की सुटतो, हे वेगळं तपासावं लागतं.

सांगलीची हळद याचं चांगलं उदाहरण आहे. हळदीतल्या कर्क्युमिनच्या मधोमध दोन ऑक्सिजन नेमक्या अंतरावर असतात आणि ते मिळून धातूला धरू शकतात. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, शरीरात फारसं शोषलं जात नाही, म्हणून त्याची तांबं, जस्त, व्हॅनेडियम यांच्याबरोबरची कॉम्प्लेक्स बनवून पाहतात. कल्पना चांगली आहे. पण एवढ्यावरून कुणी ‘तांबं-हळदीचं चूर्ण’ विकायला लागलं तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

शेतात मात्र हे शास्त्र रोजच्या वापरात आहे. बोर्डो एक टक्क्याचा करायचा तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात वेगवेगळे भिजवलेले. मिश्रणात लोखंडी सुरी धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, पानं करपतील, चुना वाढवायचा. नीट जमलेल्या बोर्डोत तांबं जवळजवळ न विरघळणाऱ्या रूपात पानावर चिकटून राहतं. दवात किंवा पावसात डाऊनी म्हणजे केवडा रोगाचा बीजाणू रुजायला लागला की त्याच्या आणि पानाच्या स्रावातली अमिनो आम्लं लिगँड बनून त्यातलं थोडं थोडं तांबं सोडवून घेतात आणि तेच बुरशीला मारतं.

लोहाची गोष्ट उलटी आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण सामू (पीएच) आठाच्या आसपास गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. उसाची, द्राक्षाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे नुसता हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकला तर तोही लवकरच तसाच अडकतो. म्हणून चिलेटेड, म्हणजे धातूला लिगँडने अनेक ठिकाणी धरून ठेवलेली, खतं निघाली. ईडीटीएचा एकच रेणू दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन अशा सहा ठिकाणी धातूला धरतो. जस्तासाठी ते ठीक चालतं. लोहाच्या बाबतीत मात्र सामू सातच्या पुढे गेला की ईडीटीएची पकड सुटत जाते, लोह पुन्हा गाळात जातं आणि ईडीटीएला मातीतलं कॅल्शियम धरून बसतं. लोह-ईडीटीएची किमती पिशवी चुनखडीच्या रानात वाया जाते ती यामुळे.

अशा जमिनीला ईडीडीएचए हा लिगँड लागतो, गडद लालसर पुडीचा. त्यात दोन फिनॉल असतात आणि त्यांचे ऑक्सिजन लोहाला फार घट्ट धरतात. सामू नऊपर्यंत गेला तरी सोडत नाहीत. पण त्याच्या पिशवीवर ‘ऑर्थो-ऑर्थो’ किती टक्के ते वाचायला हवं. ऑर्थो-ऑर्थो प्रकारात दोन्ही फिनॉलचे ऑक्सिजन लोहापर्यंत पोचतात आणि सहाही जागा भरतात. ऑर्थो-पॅरा प्रकारात एक ऑक्सिजन कड्याच्या पलीकडच्या टोकाला असतो, तो पोचतच नाही, पाचच जागा भरतात आणि मातीत लोह लवकर निसटतं. सूत्र दोघांचं एकच. हा माल महाग पडत असेल तर पानावर अर्ध्या टक्क्याच्या हिराकसाची फवारणी करतात आणि त्यात थोडं सायट्रिक ॲसिड घालतात. ते द्रावण आंबट ठेवतं आणि स्वतः लोहाला धरून राहतं, म्हणून पंपातलं पाणी लगेच तांबूस होत नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि द्रावण त्याच दिवशी संपवायचं.